युनाम, दीडशे मीटर खालून

भावोजी, तुमची पावलं त्या सकाळी अगदी नीट पडत होती.

हे एवढं एक वाक्य मी गेली दोन वर्षं तोंडात घोळवते आहे. फराळाचे डबे घेऊन फुजैराला तुमच्याकडे यायचं आणि पहिल्या चहालाच सांगून टाकायचं, असं दर वेळी ठरवून निघायची. परत अबुधाबीच्या रस्त्याला लागेपर्यंत डबे रिकामे झालेले असायचे, वाक्य मात्र तसंच शिल्लक. आता तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. मेधानं तुमचा फोटो हॉलमध्ये लावलाय. त्यात तुम्ही हेल्मेट घालून हसताय, कारण हेल्मेटशिवायचा तुमचा एकही धड फोटो घरात सापडला नाही. त्या फोटोसमोर बसून लिहिते आहे. तुम्हाला मध्येच तोंड घालायची सवय होती, आज तरी शेवटपर्यंत ऐकाल.

तुमच्या दादांशी लग्न करून मी घरात आले तेव्हा तुम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतात आणि माझ्या पहिल्या पोळ्यांना नकाशे म्हणाला होतात. तेव्हापासून आपलं जमलं. तुम्ही मला 'अहो वहिनी' आणि मी तुम्हाला 'अहो भावोजी', आणि या अहो-जाहोच्या आडून एकमेकांना जितकं चिडवता येतं तितकं आपण चिडवलं. पुढे दोन्ही बिऱ्हाडं या देशात आली. आम्ही अबुधाबीला मोहम्मद बिन झायद सिटीत, मी तिथून शाळेत केमिस्ट्री शिकवायला जाणार. आणि तुम्ही मेधाला घेऊन तिकडे पूर्व किनाऱ्यावर, तेलाच्या टर्मिनलवर सेफ्टी मॅनेजर. मध्ये अडीच तासांचा रस्ता. तरी महिन्यातून एकदा भेट ठरलेली.

हिमालयाचं खूळ तुमचंच. एका शनिवारी तुमच्या घरामागच्या उघड्याबोडक्या डोंगरावर तुम्ही मला ओढत नेलंत. वर पोचलो, तर समोर समुद्र आणि त्यावर तेलासाठी रांगेत थांबलेली जहाजं, एकामागे एक, पार क्षितिजापर्यंत. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी कुठल्या तरी माथ्यावर उभी होते, वय वर्षं पन्नास. मी गप्प झाले. मी गप्प झाले याचीच तुम्हाला गंमत वाटली. म्हणालात, वहिनी, हे चारशे मीटर आहे, सहा हजारावर काय कराल? मी म्हटलं, तिथेही गप्पच होईन. हे शब्द इतके खरे ठरतील असं वाटलं नव्हतं.

मग तुम्ही लाहौलमधलं युनाम नावाचं शिखर शोधून काढलंत. सहा हजार एकशे अकरा मीटर. दोरखंड नकोत, बर्फात कुऱ्हाडी मारत चढणं नको, नुसतं चालायचं. ट्रेक नेणाऱ्या मंडळींच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, नवशिक्यांसाठी योग्य. या 'नवशिक्यांसाठी'नं पुढे माझा घात केला. शाळेला जुलै-ऑगस्टची सुट्टी असते, तेव्हा तारीख जमली. तुमचे दादा म्हणाले, ही विमानतळावरूनच परत येईल. स्टाफरूममध्ये बातमी पसरली. दहावीच्या मुलांनी कार्ड केलं, त्यावर मी डोंगराच्या टोकावर झेंडा घेऊन उभी होते आणि माझ्या दुसऱ्या हातात चंचुपात्र होतं.

सराव कुठे करायचा? हिवाळ्यात रास अल खैमाच्या जबल जैस डोंगरावर जाता आलं, पण मे महिन्यात इथे पहाटे पाचलाही हवा अंगाला चिकटते. म्हणून शाळा सुटल्यावर मी शाळेचे चार मजले वर-खाली करायची, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी मॉलमध्ये, एसीत, दहा किलोची सॅक पाठीला लावून फेऱ्या मारायची. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या. पाचव्या फेरीला तिथल्या गार्डनं मला अडवलं आणि सॅक उघडायला लावली. काही न विकत घेता सात बाटल्या पाणी पाठीवर घेऊन फिरणारी बाई त्यानं पाहिली नसावी. तुम्ही तेव्हा नेमके भेटायला आला होतात. तुम्ही त्याला इतक्या गंभीरपणे हिमालय समजावलात की शेवटी तोच मला म्हणाला, यल्ला मॅडम, फास्ट, फास्ट. त्यानंतर मी दिसले की तो घड्याळ बघायचा.

चालायला तुम्हीच शिकवलंत. मागचा गुडघा क्षणभर ताठ करायचा, सगळा भार हाडावर टाकायचा, श्वास घ्यायचा, मग पुढचं पाऊल. आणि एक नियम, बोलता येईल इतकंच चालायचं. बोलणं बंद झालं की समजायचं, माणूस संपत आला. म्हणाला होतात, तुमच्या बाबतीत हे यंत्र अगदी अचूक चालेल, वहिनी.

दुसरा नियम तुमच्या नोकरीतला. टर्मिनलवर कुणालाही, अगदी झाडू मारणाऱ्यालाही, काही चुकीचं दिसलं तर हात सरळ वर करून 'स्टॉप' म्हणता येतं. तो म्हणाला की क्रेन थांबते, पंप थांबतात, साहेब थांबतो. हे तर सगळ्याच कंपन्यांत असतं म्हणे, कागदावर. तुमच्याकडे त्याला तुमची स्वतःची जोड होती. थांबवणाऱ्याला आधी बसवून चहा द्यायचा. आणि त्याला जाब विचारायचा नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. तो आपणहून सांगेल ते ऐकायचं. मी म्हटलं, म्हणजे कुणीही उठून काहीही कारण काढून काम बंद पाडेल. तुम्ही म्हणालात, "पाडू दे. एकदा जाब विचारला की पुढच्या वेळी हात वर होत नाही." डोंगरावरही हाच नियम लागू, असं आपण मनालीच्या हॉटेलात हातावर हात मारून ठरवलं. तिथेच माझं पुढचं सगळं पाप ठरलं.

युनामच्या पायथ्याशी, भरतपूरला तंबू लागले. पंचेचाळीस डिग्रीतून आलेली आपण माणसं, मी एकावर एक सहा कपडे घालून पिंपासारखी बसलेली. चार दिवस नुसती वर-खाली ये-जा, शरीराला सवय व्हायला. नोर्बू, आपला गाइड, लाहौलचाच. त्याला माझी लसणाची चटणी इतकी आवडली की तो ती चहाबरोबर खायचा. त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पावलं वेडीवाकडी पडायला लागली की उंची डोक्यात शिरली समजायचं आणि तिथूनच खाली उतरायचं. मी तीस वर्षं मुलांना शिकवते की हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वर गेल्यावरही तेवढंच असतं, हवाच विरळ होते. ते वाक्य मला पहिल्यांदा बुटाची नाडी बांधताना समजलं. नाडीचा एक फास, आणि मग बसून दम खायचा.

शेवटच्या दिवशी आपण तिघं अंधारातच निघालो. डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात फक्त तुमचे बूट दिसायचे आणि ढासळणारे दगड. मग उजाडलं. ते कसं उजाडलं हे मी शाळेत चार वेळा सांगून पाहिलं आणि दर वेळी 'फार सुंदर होतं' म्हणून सुटका करून घेतली. तुम्ही तिथे होतात, म्हणून तुमच्यापाशी पुन्हा प्रयत्न करते. आधी रंग असा नव्हताच, डोंगर काळे आणि आभाळ त्याहून जरा कमी काळं. मग फार लांब, पूर्वेला, एका टोकावर काडी ओढावी तसा ठिपका पेटला. मग शेजारचं टोक. मग आणखी एक. मी मोजायला लागले आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिलं. आपल्यापर्यंत ऊन यायला अवकाश होता. आपण काळोखात उभे होतो आणि उजेड वरून एकेक पायरी उतरत आपल्याकडे येत होता. कुठे पाखरू नाही, पाण्याचा आवाज नाही. माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं.

नोर्बू म्हणाला, पीछे देखो. मागे वळलो तर आपल्याच डोंगराची सावली पश्चिमेकडच्या सगळ्या रांगांवर पसरली होती, निळी, सरळ कडांची, त्रिकोणी. एवढी मोठी सावली मी कधी पाहिली नव्हती. त्या सावलीत कुठेतरी आपण तिघं होतो आणि दिसण्याइतकेही नव्हतो. मला भीती नाही वाटली. मला वाटलं, बरं झालं, एवढं मोठं काही तरी आहे आणि ते माझ्या कुठल्याच कामाचं नाही. तुम्ही टोपी काढलीत. देवळात गेल्यावरही तुम्ही कधी इतके शांत उभे राहिला नव्हतात. आपण दोघं किती वेळ तसे होतो कोण जाणे, शेवटी नोर्बूनंच चला म्हटलं. आजही डोळे मिटले की ती सावली दिसते, आणि या आठवणीसाठी मी तुमची जन्मभराची ऋणी आहे. हे वाक्यही मी तुम्हाला कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही त्यावरून वर्षभर चिडवलं असतंत.

त्यानंतरचे दोन तास मात्र माझे एकटीचे होते. युनाम फसवतं. समोर माथा दिसतो, तिथे पोचावं तर मागे दुसरा. नोर्बू म्हणायचा, बस, उसके पीछे. तीनदा म्हणाला. तिसऱ्या खोट्या माथ्यावर माझे पाय संपले. तीन पावलं टाकायची आणि काठीवर ओणवं व्हायचं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वाऱ्यानं की रडू येत होतं ते मलाही कळत नव्हतं. तुम्ही पुढे होतात, एका लयीत, गुडघा ताठ, श्वास, पाऊल. वर बर्फाची शेवटची धार दिसत होती आणि या वेळी ती खरी होती. नोर्बूनं घड्याळातली उंची वाचली, दीडशे मीटर बाकी. अजून तासभर.

मला त्या वेळी एवढंच म्हणायचं होतं की माझ्याच्यानं होत नाही. साधी गोष्ट होती. पण डोळ्यांसमोर ते कार्ड आलं, तुमच्या दादांचा चेहरा आला, आणि 'नवशिक्यांसाठी' हा शब्द आला. शिवाय गाइड एकच. मी थांबले तर तिघांनाही उतरावं लागणार होतं. म्हणजे माझ्यामुळे तुमचं शिखर जाणार, आणि ते सगळ्यांना कळणार. तेवढ्यात तुमचा पाय एका सैल दगडावरून जरासा घसरला. तिथे सगळ्यांचेच घसरत होते, नोर्बूचासुद्धा दोनदा घसरला होता. मी हात सरळ वर केला आणि म्हटलं, "भावोजी, थांबा. तुमची पावलं नीट पडत नाहीयेत."

तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत. वर त्या धारेकडे पाहिलंत. पुन्हा माझ्याकडे. नोर्बूनं तुमचे ओठ पाहिले, डोळे पाहिले, आणि म्हणाला, साहब तो ठीक लगते हैं. तुम्ही सॅक खाली ठेवलीत.

"उन्होंने हाथ उठाया है," तुम्ही त्याला म्हणालात. "खलास."

मग थर्मास काढून तुम्ही पहिला चहा मला दिलात. मी तो प्यायले, भावोजी. गोड होता आणि मी तो पूर्ण प्यायले.

उतरताना माझी सॅकही तुम्हीच घेतलीत. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आता दिसतं. आजारी म्हणून ज्याला खाली आणत होतो, त्याच्या अंगावर दोन सॅक आणि त्याची काळजी घेणारी वहिनी मोकळी. आणि त्याआधी मी किमान तासभर एक शब्द बोलले नव्हते. माझं बोलणं बंद झालं की काय समजायचं, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. तुम्हाला कळलं होतं का? कळलं असेल तर मला थांबवायला तुम्ही स्वतः हात का नाही वर केलात? की मला ते लाजिरवाणं वाटलं असतं म्हणून माझी वाट पाहत होतात? या प्रश्नावर मी तुमच्याशी भांडणार होते. भांडायचं म्हणजे आधी कबूल करायला हवं होतं.

घरी आल्यावर तर कहरच झाला. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, वहिनींनी मला वेळेवर थांबवलं. मेधानं मला मिठी मारली. तुमचे दादा, ज्यांनी मी निघण्याआधीच मला विमानतळावरून परत आणलं होतं, ते चार लोकांत म्हणाले, हिची नजर फार तीक्ष्ण आहे. शाळेत मला शिखर गाठलेल्या माणसापेक्षा जास्त टाळ्या मिळाल्या. मी म्हटलं, अहो त्यात काय एवढं. खोटं एकदा बोलले होते, आता ते रोज थोडं थोडं पोसायला लागलं.

दर वर्षी मार्चमध्ये तुमचा फोन यायचा. वहिनी, दीडशे मीटर राहिलेत, येताय ना? मी म्हणायची, इन्शाल्ला, बघू. या देशात वीस वर्षं काढलेल्या तुम्हाला असा इन्शाल्ला म्हणजे सभ्य नकार असतो हे कुणी सांगायला नको होतं. शेवटच्या वेळी तुम्ही जरा चिडलात. म्हणालात, मी एकटा जाईन. मी म्हटलं, जा की. फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता बोलवून सगळं सांगावं. मग म्हटलं, दिवाळीला सांगू.

दिवाळीच्या आधीच मेधाचा फोन आला.

तेव्हापासून मी इथे फुजैरालाच आहे. एका दुपारी मेधा धुतलेले कपडे घडी करत होती, तुमचे शर्टसुद्धा. सानिका, तुमची लेक, शेजारी बसली होती. मेधा म्हणाली की हार्ट अटॅक यायच्या आधी तीन दिवस तुम्ही डावा खांदा चोळत होतात. ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होतात. तिला वाटलं, झोपेत अवघडला असेल. "वहिनी, मी त्याला एकदाही थांब म्हटलं नाही," ती म्हणाली. सानिकानं मान वर केली आणि विचारलं, "बट ममा, व्हाय डिडन्ट ही से समथिंग? ही टेल्स एव्हरीबडी टू से समथिंग." मला तुमचा एवढा राग आला भावोजी, की मी उठून गॅलरीत गेले. शेकडो माणसांना दुसऱ्यासाठी हात वर करायला शिकवलंत. स्वतःच्या छातीत दुखतंय हे सांगायला तुमचा हात वर झाला नाही. आणि राग कुणावर धरायचा? मीही दीडशे मीटर खाली तेच केलं होतं.

दोन दिवसांनी थॉमस आला, तुमच्या हाताखालचा सुपरवायझर. केरळचा, तुमच्याच वयाचा, डोळे सुजलेले. मेधानं माझी ओळख करून दिली, ही माझी मोठी जाऊ. तो एकदम उभाच राहिला. मला म्हणाला, "आप वो वहिनी हैं? पहाड़ वाली?"

मग त्यानं जे सांगितलं ते तुम्ही मला दोन वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. दर सोमवारी नवे कामगार येतात, त्यांना कामावर सोडण्याआधी तुम्ही सुरक्षेचा तास घ्यायचात. त्याची सुरुवात माझ्यापासून व्हायची. माझी वहिनी, वय पन्नास, शाळेत शिकवते, डोंगर कधी चढलेली नाही. सहा हजार मीटरवर तिनं मला, सेफ्टी मॅनेजरला, थांबवलं. शिखर समोर होतं. मी थांबलो आणि आज तुमच्यासमोर उभा आहे. थॉमस म्हणाला, आता टर्मिनलवर हात वर करण्याला कुणी स्टॉप वर्क म्हणतच नाही. बंगाली, नेपाळी, पठाण, सगळे त्याला 'वहिनी' म्हणतात. वहिनी दिखाओ. उसने वहिनी दिया. त्यातल्या बहुतेकांना हा शब्द इंग्रजी वाटतो. गेल्या उन्हाळ्यात क्रेनला भार बांधणाऱ्या एका रिगरनं 'वहिनी' दिली म्हणून क्रेन थांबली, पाहिलं तर भार उचलणारा पट्टा आतून निम्मा तुटलेला, आणि खाली चार माणसं उभी होती.

मी ऐकत होते. युनामवर ती सावली पाहताना जे झालं होतं तेच पुन्हा झालं. माझ्या एका भेकड खोट्यातून तुम्ही हे एवढं उभं केलं होतंत. चार घरांतली चार माणसं त्या खोट्यावर जिवंत होती. आणि मला जाब न विचारता, नियम पाळून, तुम्ही ते मला कळूही दिलं नव्हतं.

थॉमसला विनंती करायची होती. सोमवारी नवी तुकडी येतेय, टाक्यांच्या दुरुस्तीसाठी. सर नाहीत. मॅडम येऊन ती गोष्ट स्वतः सांगतील का? मी हो म्हटलं, आणि तो गेल्यावर हातपाय गाळून बसले. तीच गोष्ट सांगावी तर तुमच्या माघारी तुमच्याच माणसांसमोर पुन्हा खोटं बोलायचं. खरं सांगावं तर तुमची गोष्ट मोडायची, आणि तीही तुम्ही नसताना. ज्या गोष्टीवर तुमची माणसं हात वर करतात तीच पोकळ निघाली तर?

रविवारी दुपारी मी मेधाला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही मला बोल लावणार, आणि लावावाच. ती म्हणाली, "शिखर राहिलं त्याचं मला काही नाही वहिनी. त्या दिवशी तो खाली आला होता." मग डोळे पुसून, "उद्या त्याच्या खांद्याचंही सांगा. माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल."

सकाळी सहाला गेटजवळच्या पोर्टाकेबिनमध्ये वीस-बावीस माणसं बाकांवर बसली होती. नवी कोरी पिवळी हेल्मेटं मांडीवर. थॉमसनं ओळख करून दिली, ये सर की वहिनी हैं. मागच्या भिंतीशी उभे असलेले दोन-तीन जुने कामगार माझ्याकडे असं बघत होते की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मी डोंगराची गोष्ट सांगितली. अंधार, दगड, उजेड. सावलीचं सांगितलं तेव्हा एक नेपाळी हसून मान डोलवायला लागला, त्यानं पाहिली असणार. मग हात वर केल्याचं सांगितलं, आणि थांबले. माझं हिंदी शाळेतलं आहे, तरी ते वाक्य नीट आलं.

"वो बात झूठ थी," मी म्हटलं. "सर बिलकुल ठीक थे. थक मैं गई थी. मुझे कहने में शर्म आई."

थॉमस माझ्याकडे बघतच राहिला. मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. म्हटलं, सर थांबले कारण ते नियमाचे पक्के होते. पण मी नियम अर्धाच वापरला. दुसऱ्यासाठी हात वर करायला मला जमलं, स्वतःसाठी नाही जमलं. आणि तुमच्या सरांनाही नाही जमलं. तीन दिवस त्यांचा खांदा दुखत होता आणि ते गोळ्या खात कामावर येत होते. हात स्वतःसाठीही वर करायचा असतो, हे त्यांनी तुम्हाला सांगायचं राहिलं, म्हणून मी सांगायला आले. एवढं बोलून मी खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, झालं, मोडली मी तुमची गोष्ट.

मग तिसऱ्या बाकावरून एक माणूस उठला. पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा, वेल्डर. त्यानं हात वर केला, पुरता नाही, कानापर्यंत. थॉमसकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "मैडम, मेरा काम टंकी के ऊपर लिखा है. मुझे ऊपर चक्कर आता है. दो साल से आता है. एजेंट को बताया नहीं." आणि मग अगदी हळू, "नौकरी जाएगी क्या?"

सगळी खोली थॉमसकडे वळली. थॉमसनं खिशातून पेन काढलं, टेबलावरची यादी पुढे ओढली, त्याचं नाव शोधलं आणि त्यावर रेघ मारली. मग तेच नाव खालच्या रकान्यात, जमिनीवरच्या कामात लिहिलं. नहीं जाएगी, म्हणाला. तो माणूस खाली बसला आणि दोन्ही तळव्यांनी त्यानं तोंड पुसलं. त्याच्या शेजारच्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

भावोजी, त्याचं नाव रामसूरत. आज त्याचा चौथा दिवस आहे, तो जमिनीवर काम करतोय. थॉमसला विचारून खात्री करून घेतली. तुम्हाला हे कळवायचं होतं.